हेल्पच्या पानांना नावं तरी नीट द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बिलिंगचं सॉफ्टवेअर आता चादरीच्या कारखान्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडं आलंय, त्याच्या हेल्पमधल्या पानांबद्दल बोलायचंय. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचा हिशोब बघतो. माल भरला, ई-वे बिल (माल गाडीनं पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) निघालं आणि ऐनवेळी ट्रान्सपोर्टवाल्यानं गाडीच बदलली, हे आमच्याकडं नेहमीचंच. बिल रद्द करायची गरज नसते, त्याच्या पार्ट बीमध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, गाडीचा नवा नंबर टाकला की झालं. पण हेल्पमध्ये शोधायला जावं तर शीर्षकं कसली, 'ई-वे बिल : ओव्हरव्ह्यू', 'ई-वे बिल : इतर सुविधा', 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज भाग 2'. यातलं कुठलं उघडायचं सांगा बघू. उत्तर निघालं 'इतर सुविधा'त, पार तळाला. तोवर ड्रायव्हर गेटवर हॉर्न वाजवतोय, आणि ऑफिसात नवा पोरगा असला तर घाबरून बिलच कॅन्सल करून मोकळा होतो. खरंच चुकलेलं बिल रद्द करायला 24 तासच मिळतात, आणि ती माहिती कुठं, तर 'डॉक्युमेंट लाइफसायकल' नावाच्या पानात! तिथं कोण बघायला जाणार?

'गाडी बदलल्यावर ई-वे बिलात नवा नंबर टाकणे' असं सरळ लिहा की. लांब होतंय म्हणाल तर होऊ द्या, फक्त कामाचे शब्द आधी घ्या, कारण मोबाईलवर सर्च केलं की शीर्षक मधेच कापलं जातं आणि प्रत्येक पानाची सुरुवात कंपनीच्या नावानं केली असली की सगळी पानं सारखीच दिसतात. एररचं पान असेल तर स्क्रीनवर येतो तोच मेसेज जसाच्या तसा शीर्षकात टाका, माणूस तेवढंच कॉपी करून शोधतो. ओव्हरव्ह्यू नकोच असं नाही, नव्या माणसाला लागतो, पण कामाच्या पायऱ्या त्यात कोंबू नका.

आपल्या सोलापूरची कितीतरी पोरं पुण्यात हिंजवडीला याच लाइनमध्ये आहेत, त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर नाव ठरवायच्या आधी सपोर्टला येणारे चार फोन ऐका. 'व्हेईकल मास्टर अपडेशन' कुणी म्हणत नाही, 'साहेब गाडी बदलली, आता काय करू' म्हणतात. 11 तारखेच्या जीएसटीआर-1 च्या, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न भरायच्या गडबडीत तुमचा फोन लागत नाही, तेव्हा आमची सगळी भिस्त या पानांवरच असते. आणि हो, शीर्षक बदललं तरी जुनी लिंक बंद पाडू नका, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच फिरत असते.

— एक वाचक, सोलापूर