पाय मुरगळला की आधी ते तेल बाजूला ठेवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

पावसाळ्यात आमच्याकडे निम्मे पेव्हर ब्लॉक डुगडुगतात. मागच्या महिन्यात भाजी घेऊन येताना अशाच एकावर माझा पाय आत वळला, कट्ट आवाज आला आणि मी पिशवीसकट खाली. घरी पोचेपर्यंत बाहेरच्या घोट्याखाली लिंबाएवढी सूज. लगेच सासूबाईंनी तेल गरम केलं, शेजारच्या काकू पायाळू माणूस शोधायला निघाल्या (तो उसणीसाठी असतो हो, पण कोण ऐकतंय) आणि अर्धा तास खसाखसा चोळून घेतल्यावर रात्री सूज दुप्पट, सकाळी पाय काळानिळा.

डॉक्टर जाम चिडले. बाहेरच्या बाजूला हाडं धरून ठेवणारं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं की आत रक्त साकळतं, त्यावर शेक आणि चोळणं म्हणजे ते आणखी वाढवणं. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर, बास.

मला वाटलं एक्स-रे काढणारच. पण त्यांनी त्याच पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या घोट्याच्या हाडांची मागची कड, करंगळीच्या बाजूचं पावलाच्या मध्यावरचं हाड आणि आतल्या बाजूचं एक हाड दाबून बघितलं, मग म्हणाले चार पावलं टाका, लंगडत का होईना. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली हे नियम काढलेत म्हणे. हाड दाबून दुखलं किंवा चार पावलं जमलीच नाहीत तर एक्स-रे, नाहीतर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी. डायबिटिसने पाय बधिर असतील तर मात्र यावर विसंबू नका.

सगळे म्हणाले महिनाभर पलंगावरून उठू नकोस, डॉक्टर म्हणाले दुखणं सोसेल तसं चाला. आणि खरी गोष्ट पुढेच आहे, पाय कसा पडतोय याचा अंदाज या दुखापतीत बिघडतो, तो परत आणला नाही तर तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. माझा कबड्डी खेळणारा भाचा सूज उतरली की मैदानात, तिसऱ्यांदा तोच पाय. मी आता कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी एका पायावर उभी राहते, पहिल्या दिवशी तीन सेकंदांत ओटा धरला, आता दोन शिट्ट्या निघतात.

तुमच्या आरोग्य पुरवणीत ती चार पावलांची टेस्ट चित्रासकट छापाच, कात्रण तेलाच्या बाटलीलाच चिकटवीन म्हणते.

आपली,
एक वाचक, सातारा