गाडीचा रंग पाहून नव्हे, आवाज मोजून कारवाई व्हावी

महोदय,

माझ्याकडे २०१७ सालची लाल रंगाची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टेव्हियाची वेगवान आवृत्ती, आहे. २३० अश्वशक्तीची ही गाडी कंपनीतून जशी आली तशीच मी ठेवली आहे. तरीही गेल्या वर्षभरात मला सहा वेळा थांबवण्यात आले आणि त्यांपैकी पाच वेळा पहिला प्रश्न एकच होता : "सायलेन्सर बदललाय का?" कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये दाखवली की मला सोडून दिले जाई, एकदा मात्र पाऊण तास उभे करून, कोणताही गुन्हा न सांगता, "आवाज जास्त आहे" एवढेच ऐकवले गेले.

थांबवण्याबद्दल माझी तक्रार नाही. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार माझे कर्तव्य आहे. कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि त्या गाडीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. ती आधीच कुणी अडवली असती तर, हा विचार मनातून जात नाही. आम्हा वेगवान गाड्यांच्या शौकिनांपैकी काही जण रविवारी पहाटे लोणावळ्याकडे जाताना सायलेन्सर काढून सरळ पाइप बसवतात, हेही मी लपवणार नाही. कंपनीने बसवलेल्या भागांत असे फेरफार कलम ५२ ला धरून नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. त्यांना दंड झालाच पाहिजे.

प्रश्न मोजमापाचा आहे. ध्वनिप्रदूषणाबद्दल कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; इतक्या गंभीर तरतुदीचा आधार केवळ कानाचा अंदाज असावा, हे मला पटत नाही. नव्या प्रवासी मोटारीसाठी ७४ डेसिबलची मर्यादा असते, पण ती धावत्या गाडीच्या, कारखान्याच्या टप्प्यावरील चाचणीची आहे आणि रस्त्याच्या कडेला ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. उभ्या गाडीचा आवाज एक्झॉस्टपासून ठराविक अंतरावर मोजण्याची पद्धत मात्र आहे, आणि त्यासाठी हातात मावणारे ध्वनिमापक पुरेसे असते. ते यंत्र मला सहापैकी एकदाही कुणाच्या हाती दिसले नाही. एरवी त्याच नाक्यावरून सीटबेल्टविना, मोबाइलवर बोलत जाणारी एखादी पांढरी सेडान सहज निसटते, कारण तिच्याकडे कुणाचे लक्षच जात नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वेगाची नोंद आता कॅमेरे घेतात आणि त्या नोंदीत गाडीच्या रंगाला किंवा मागे लावलेल्या 'आरएस'सारख्या अक्षरांना काहीच महत्त्व नसते. आवाजाच्या बाबतीतही तेच व्हावे, यासाठी वाहतूक शाखेने उर्से आणि खालापूर टोलनाक्यांवरील पथकांना प्रत्येकी एक प्रमाणित ध्वनिमापक द्यावे. ज्या गाडीवर आवाजाची कारवाई होईल तिच्या ई-चलानवर मोजलेले डेसिबल आणि मोजणीची वेळ लिहिलेली असावी, आणि ज्याच्यावर काहीच निघाले नाही अशा चालकालाही थांबवण्याचे कारण तोंडी सांगितले जावे, अशी माझी मागणी आहे.

— एक मोटारचालक, कोथरूड, पुणे