अठरा स्क्रू आणि बिलातली एक ओळ : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : किशोरवयीन मुलांच्या पाठीच्या कण्यात बसवल्या जाणाऱ्या इम्प्लांटची किंमत व नोंद.

महोदय,

मी सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझ्या मुलीच्या पाठीत गेल्या वर्षापासून अठरा स्क्रू आणि दोन रॉड आहेत. हा आकडा मला कोणी सांगितलेला नाही. शस्त्रक्रियेनंतरची एक्स-रे फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला उजेडात धरून मी आणि तिच्या वडिलांनी तो दोनदा मोजला. रुग्णालयाच्या बिलात त्या साऱ्यासाठी ‘स्पाइन इम्प्लांट, १ संच’ एवढी एकच ओळ होती, आणि तिच्यापुढची रक्कम शस्त्रक्रियेची व भुलीची फी मिळून होईल त्याहून मोठी होती. संचात काय काय आले, ते कोणत्या कंपनीचे आणि एकेका स्क्रूला काय पडले, याचा कुठेच उल्लेख नव्हता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. माझे म्हणणे त्या एका ओळीबद्दल आहे.

मुलीला स्कोलिओसिस आहे. स्कोलिओसिस म्हणजे कणा बाजूला वळणे आणि वळता वळता स्वतःभोवती पिळला जाणे. किशोरवयात हे बहुधा कोणतेही कारण न सापडता होते. एक्स-रेवर मोजलेला बाक १० अंशांहून जास्त भरला की त्याला हे नाव देतात. शंभरांतल्या दोन-तीन मुलांमध्ये तो आढळतो आणि त्यांतल्या बहुतेकांना लक्ष ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही. मात्र वाढत जाणारा मोठा बाक मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी जास्त दिसतो. उंची वाढायची बाकी असताना तो साधारण २५ ते ४० अंशांत असेल तर ब्रेस, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाभोवती घालायचा कडक पट्टा, देतात. ४५-५० अंशांच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. या शस्त्रक्रियेत निवडलेल्या मणक्यांमध्ये दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात, त्यांच्या माथ्यांतून रॉड ओवून बाक शक्य तितका सरळ करतात आणि हाडाचे तुकडे पसरून ते मणके एकमेकांशी जुळू देतात. हाड जुळून आले की धातूचे काम खरे तर संपते, पण तो सहसा काढला जात नाही. चौदाव्या वर्षी पाठीत गेलेला रॉड सत्तराव्या वर्षीही तिथेच असावा, असाच हिशेब असतो.

किती मणक्यांत किती स्क्रू घालायचे हा सर्वस्वी शल्यचिकित्सकाचा निर्णय आहे आणि त्यात सरकारने पडावे असे मी म्हणणार नाही. परंतु खर्च त्या संख्येवर ठरत असेल, तर ती संख्या आणि तिचा दर पालकांना कळायला काय हरकत असावी? हृदयातल्या स्टेंटची कमाल किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरली आणि गुडघ्याच्या सांध्याची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. मणक्याच्या स्क्रू-रॉडला अशी मर्यादा नाही. छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही हा नियम त्यांनाही लागू आहे. पण पहिल्या दिवशीच ती भरमसाट छापली असेल, तर त्या नियमाने कोणाचे भले होणार? कमाल किंमत ठरवणे केंद्राच्या अखत्यारीत येते, हे मला ठाऊक आहे. राज्याच्या हाती मात्र दोन गोष्टी नक्की आहेत.

पहिली म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण, हे वाक्य आम्ही फलकांवर वाचले होते. प्रत्यक्षात रुग्णालयाला मिळते ती त्या उपचारासाठी ठरलेल्या पॅकेजची रक्कम, हे आम्हाला रुग्णालयाच्या खिडकीवर समजले. दोन ठिकाणी आम्हाला ‘एवढ्यात इम्प्लांट बसत नाही’ असे सांगून परत पाठवण्यात आले. कण्याच्या बाकाच्या शस्त्रक्रियेसाठी इम्प्लांटचा दर शस्त्रक्रियेपासून वेगळा, नगानुसार ठरवावा. आणि राज्यासाठी वैद्यकीय वस्तू खरेदी करणारे प्राधिकरण आता आहेच, तर त्याच्यामार्फत दरकरार करून तो दर जाहीर करावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांसाठी ठरलेला दर एकदा लोकांसमोर आला की खाजगी रुग्णालयाच्या बिलाशी ताडून पाहायला निदान काहीतरी हाती असेल.

दुसरी गोष्ट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधे व इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला लावायचे आणि त्या रकमेचा किमान निम्मा वाटा त्याने भरायचा, असे तिच्यात म्हटले आहे. ती खरेदी किंमत रुग्णालय आणि वितरक यांच्याखेरीज कोणालाच माहीत नसते. अशा रुग्णाच्या बिलाला इम्प्लांटच्या खरेदी पावतीची प्रत जोडणे सक्तीचे करावे, यासाठी विधी व न्याय विभागाशी आपण बोलावे, ही विनंती.

आता नोंदीविषयी. प्रत्येक स्क्रूच्या वेष्टनावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांकाची (तो स्क्रू कारखान्यातल्या कोणत्या खेपेतला आहे त्याची) चिकटपट्टी असते. त्या पट्ट्या रुग्णालयाच्या फाइलमध्ये गेल्या; आमच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘इन्स्ट्रुमेंटेशन केले’, म्हणजे स्क्रू-रॉड बसवले, असे लिहिलेले आहे. उद्या मुलगी बाळंतपणाला जाईल तेव्हा कमरेतून भूल द्यायची की नाही हे ठरवताना भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न हाच विचारतील की कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत जोडले आहे. एमआरआय करताना धातू कोणता आहे ते विचारतील. आणि एखादा लॉटच सदोष निघाला तर? २०१० मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने खुब्याचा एक कृत्रिम सांधा जगभरातून परत मागवला. भारतात त्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांतल्या ३,६०० हून अधिक रुग्णांचा मागच लागला नाही, असे केंद्राने नेमलेल्या समितीला आढळले. त्यानंतरही शस्त्रक्रिया झालेल्या मुलाच्या हातात इम्प्लांटचे साधे कार्ड पडत नाही. त्या चिकटपट्ट्यांचा दुसरा संच डिस्चार्ज कार्डावर लावून देणे आणि जोडलेल्या मणक्यांची नावे त्याखाली लिहिणे, याला पाच मिनिटांपलीकडे खर्च नाही.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या खात्यावरचीही आहे. मुलीचा बाक कोणत्याही तपासणीत सापडला नाही. तो सापडला गणवेश शिवणाऱ्या बाईंना. माप घेताना त्या म्हणाल्या, “बाई, हिचा उजवा खांदा वर हाय. बाही बसवताना अर्धा इंच जास्त लागतंय.” तोवर बाक ४८ अंशांवर गेला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक दरवर्षी शाळेत येते आणि त्याचे तक्ते मी स्वतः कित्येक वर्षे भरून देत आले आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. तपासायच्या तीस आजारांच्या त्याच्या यादीत जन्मतः वाकडे पाऊल आहे, खुब्याचा दोष आहे. कण्याचा बाक नाही. मुलाला पाय जुळवून, हात खाली सोडून कमरेतून वाकायला सांगायचे आणि पाठीची एक बाजू वर येते का ते मागून पाहायचे, एवढीच ही चाचणी आहे. मुलींना पाहायला पथकात महिला डॉक्टर असतेच. वेळेत सापडलेल्या मुलांना ब्रेसचा उपयोग होतो हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी-कॅनेडियन अभ्यासात दिसले : ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी ४८ टक्के मुलांचा. ज्या मुलींचे वय ब्रेसचे आहे त्यांना स्क्रूपर्यंत जाऊ देणे कोणत्याही हिशेबाने महाग पडते. इयत्ता पाचवी ते नववीच्या तक्त्यात या एका चाचणीचा रकाना वाढवावा. त्यासाठी केंद्राच्या यादीची वाट पाहायचे कारण नाही.

रुग्णालयाचे व मुलीचे नाव झाकून आमच्या बिलाची व डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत जोडली आहे. कार्डावर मणक्यांची नावे कुठे सापडली तर कृपया मलाही कळवावे.

आपली नम्र,
एक पालक व जिल्हा परिषद शिक्षिका
जिल्हा सांगली