सर, नोंदवहीतल्या त्या नावाबद्दल

आदरणीय सर,

तुमच्या औषध दुकानातली माझी फार्मसीची इंटर्नशिप संपून बराच काळ लोटला, तरी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. नुसतं फोन करून सांगण्याने माझं मन भरणार नाही, म्हणून हे उघड पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी जिथे होते, तिथे मला नाव नव्हतं. 'ए ट्रेनी, खोकी लाव.' मुदत संपलेली औषधं बाजूला काढायची आणि रुग्णाने काही विचारलं की मागे सरायचं. ज्यांच्यावर आम्हाला घडवायची जबाबदारी होती, तेच म्हणायचे, 'आपण काय, शेवटी डबे देणारे.' होतकरू मुलांच्या कानावर हे घालणाऱ्यांचा राग मला अजूनही येतो.

तुमच्याकडे ती मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी आली. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, आणि चिठ्ठीवर रोज लिहिलेलं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेचं काम मंदावतं, माणूस दगावूही शकतो. मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही खात्री करून घेतलीत आणि फोन माझ्या हातात दिलात. "तुझ्या लक्षात आलंय, तूच बोल." डॉक्टरांनी लगेच दुरुस्ती केली.

मला मात्र त्यानंतरचं जास्त आठवतं. नोंदवहीत चूक कुणी हेरली, त्या रकान्यात तुम्ही माझं पूर्ण नाव लिहिलंत, आडनाव नीट कसं लिहायचं ते विचारून घेऊन. तुमची सही खाली, देखरेख करणारे म्हणून. स्वतःचं नाव लिहिलं असतंत तर कुणालाही वावगं वाटलं नसतं, मलाही नाही.

शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय शिक्षणासाठी चार पायऱ्यांचा पिरॅमिड मांडला: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं, प्रत्यक्ष कामात करणं. २०१६ मध्ये क्रूस दांपत्य आणि स्टाइनर्ट या अभ्यासकांनी त्यावर आणखी एक पायरी सुचवली, त्या पेशातला माणूस होणं. खालच्या पायऱ्यांसाठी परीक्षा आहेत. वरच्या पायरीवर मात्र आधीच उभ्या असलेल्या कुणीतरी जागा करून द्यावी लागते, असं मला तुमच्यामुळे वाटतं. त्या दिवसापासून चिठ्ठी हातात आली की 'सर बघतील' हा विचार माझ्या मनात आला नाही.

आणि हो, त्या डॉक्टरांची चूक तुम्ही काउंटरवर कुणापुढे उगाळू दिली नाहीत. रुग्ण वाचला, डॉक्टरांचा मान राहिला, विद्यार्थिनीला तिचं श्रेय मिळालं. चांगली माणसं हे किती सहज करतात! ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या हाताखाली विद्यार्थी पाठवूच नयेत.

माझी नोंदणी झाली आहे. शंका आली की फोन मीच लावते, आणि कुणी विद्यार्थी असेल तर त्याला शेजारी उभं करते. तुमचे मनापासून आभार, सर.

तुमची विद्यार्थिनी