एक गोळीच तर आहे

॥ श्री ॥
कराड,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. सुहास यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारतोस, मी "बरी आहे" म्हणते आणि मग आपण दोघं जेवणाखाणावर येतो. म्हणून आज कागद घेतला. सकाळची पूजा मांडून झाली आहे, मशीनवर एक अस्तर अर्धवट आहे, ते राहू दे तसंच.

दिवाळीत तू सदऱ्याचं बटण शोधायला माझा डबा उघडलास आणि तुला माझ्या स्तनाच्या कॅन्सरच्या त्या गोळ्या सापडल्या. अडीच पाकिटं. ती ओट्यावर ठेवून तू म्हणालास, "आई, एक गोळीच तर आहे!" आवाज चढवला नाहीस, ते बरं केलंस. पण त्या वेळी मी चकलीच्या घाण्यात तोंड घालून गप्प राहिले, आणि वर स्नेहललाच सोऱ्या नीट दाबत नाहीस म्हणून बोलले. तिचा काही दोष नव्हता. तिला तसं सांग, मीही सांगेन.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवसापासून मी गोळी घेतली नव्हती. विसरले नव्हते, ठरवून बंद केली होती.

तुला वाटतं ऑपरेशन झालं, किमो झाली, पंधरा दिवसांची रेडिएशन झाली, आता गोळीचं काय एवढं. मलाही तसंच वाटलं होतं. ज्यांनी पहिल्यांदा ती लिहून दिली त्यांनी "रोज एक, पाच वर्षं" एवढंच सांगितलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. ही गोळी अंगात काय करते, हे मला वर्षभराने कळलं, आताच्या डॉक्टर मॅडमनी कागदाच्या पाठीवर काढून दाखवलं तेव्हा. पाळी गेली म्हणजे बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन संपलं असं नसतं. अंडाशय थांबतात, पण चरबीत, स्नायूत ते थोडं थोडं तयार होत राहतं. माझी गाठ त्याच्यावर पोसणारी होती, रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलंय ते हेच. माझी गोळी, लेट्रोझोल, ते तयार होणंच बंद करते. म्हणजे उरलंसुरलं तेलही दिव्यातून काढून घ्यायचं. गाठ परत यायची भीती त्याने बरीच कमी होते, यात शंका नाही. पण त्या तेलावर आणखीही बरंच काही चालत होतं रे. सांधे, हाडं, झोप, डोकं ठिकाणावर राहणं.

आता सकाळ कशी असते ते सांगते. साडेपाचला जाग येते तेव्हा बोटं मिटलेली असतात आणि उघडत नाहीत. दुखतात म्हणण्यापेक्षा आखडलेली, रात्रभर खळीत बुडवून वाळवल्यासारखी. गॅसचं बटण दोन्ही तळव्यांत धरून फिरवते. पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात दहा मिनिटं हात धरून बसते, मग चहाची बशी उचलता येते. पलंगावरून उठताना गुडघे आणि टाचा अशा बोलतात की तुझे बाबा शेजारच्या खोलीतून विचारतात, काय पडलं? तासाभराने माणसात येते. मॅडम म्हणाल्या, या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या बायकांना सांध्यांचा त्रास होतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर वर्षभर मी वय झालं, वय झालं म्हणून बसले नसते.

उजव्या हाताचं मधलं बोट अडकतं. कात्री चालवताना ते कात्रीच्या कडीतच वाकून बसतं, डाव्या हाताने धरून सोडवावं लागतं, आणि सुटताना टक् असा आवाज होतो. गिऱ्हाईक समोर असलं की मी खोकते, आवाज झाकायला. नवरात्राच्या तोंडावर चौतीस ब्लाउज अंगावर होते, त्यातले अकरा लग्नाचे. सुईत दोरा ओवायला शेजारची पोर बोलवायला लागले. चाळीस वर्षं हे हात माझे होते, तुझी फी याच हातांनी भरली. आणि आता मला हुक लावायला जमेना.

त्यात ती उष्णतेची लाट. सांगून येत नाही. छातीतून निघते, मानेवरून कानापर्यंत चढते, दोन-तीन मिनिटं अंग पेटतं आणि मग घामाने थंडगार. एका मुलीचं माप घेत होते, तिचं शालूचं टिश्यूचं कापड टेबलावर पसरलेलं. मी वाकले आणि हनुवटीवरून एक थेंब बरोब्बर त्यावर पडला. टिश्यूवर पाण्याचा डाग उठतो आणि जात नाही. ती बिचारी "असू दे काकू" म्हणाली, पण मी कापड भरून दिलं. त्या रात्री लाटेने दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा दोन वाजता उठले तेव्हा पाकीट घेतलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं. बास.

खरं लिहायचं तर दहा-बारा दिवसांत बोटं मोकळी व्हायला लागली. चौतीसच्या चौतीस ब्लाउज वेळेवर गेले. मी इतकी खूश होते की पाटणकर वहिनींना पुरणपोळ्या करून नेल्या. आणि रोज रात्री दिवा मालवला की हात आपोआप काखेत जायचा, गाठ चाचपायला. हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही.

तू चूक धरलीस ते बरोबरच होतं. पण "एक गोळीच तर आहे" हे बरोबर नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर मी मॅडमकडे एकटी गेले. सगळं सांगितलं. रागावतील म्हणून पिशवीत तोंड घालून बसले होते. त्या म्हणाल्या, "मावशी, बंद करणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. येऊन सांगणाऱ्या मात्र थोड्या." मग म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी मला फोन करायचा आणि मग बंद करायची, उलट नाही. या कामाच्या गोळ्या तीन आहेत: लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन. काम एकच, पण एक सोसली नाही तर दुसरी सोसते असं पुष्कळदा होतं. मधे थोडे आठवडे थांबून बदलून बघतात. मी तर थांबलेलीच होते! तुळशीचं लग्न झाल्यावर एक्झेमेस्टेन सुरू केली, पंचवीस मिलिग्रॅम, जेवण झाल्यावर. महिना होत आला. अजून तरी कात्री हातात राहते. हीही नाही मानवली तर टॅमॉक्सिफेन आहे म्हणाल्या, पण तिची वेगळी रडगाणी: पायात रक्ताची गुठळी होणं, गर्भाशयाच्या अस्तरावर लक्ष ठेवणं.

ओपीडीत रांगेत एक एक्केचाळीस वर्षांची पोर भेटते, ती टॅमॉक्सिफेनवरच आहे, तिची पाळी अजून गेलेली नव्हती म्हणून. ती गोळी १९६२ साली इंग्लंडात पाळणा लांबवायला म्हणून तयार केली होती. त्या कामाला ती कुचकामी निघाली आणि मग या कामाला आली. मला हे ऐकून बरं वाटलं. उरलेल्या चिंध्यांचीच गोधडी होते.

हाडांची तपासणीही केली. डेक्सा म्हणतात, मशीनखाली नुसतं पडून राहायचं. आकडा आला उणे २.१. उणे अडीच किंवा त्याच्या खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात, म्हणजे मी कुंपणावर आहे. आता सहा महिन्यांतून एकदा झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडांचं औषध सलाईनमधून देणार. त्याच्या आधी दात दाखवून घ्यायला लावले, कारण ते औषध घेत असताना दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड भरून यायला अडचण होऊ शकते. मागची हलणारी दाढ काढून टाकली. पहिल्या सलाईननंतर दीड दिवस ताप होता, तुला सांगितलं नाही, कारण तू विमानाचं तिकीट काढलं असतंस. आठवड्याला ड जीवनसत्त्वाची पुडी, रोज कॅल्शियम, आणि नाचणीची भाकरी. बाबा नाचणीला नाक मुरडतात, पण खातात.

आणि चालणं. यावर माझा विश्वास नव्हता. दुखणाऱ्या गुडघ्याला चालायला सांगायचं म्हणजे चावणाऱ्या चपलेलाच पळायला लावायचं. पण अमेरिकेत येल विद्यापीठात याच गोळ्या घेणाऱ्या आणि सांधे धरलेल्या बायकांवर वर्षभर प्रयोग झाला म्हणे: आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं वगैरे आणि दोनदा वजनाचा व्यायाम. ज्यांनी केलं त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणून मी रोज सकाळी प्रीतिसंगमावर जाते. घाटावरून यशवंतरावांच्या समाधीपर्यंत, बागेला दोन फेऱ्या, परत. पहिले पंधरा दिवस घरी येऊन रडले. आता कृष्णा-कोयनेवरचं धुकं बघायला जाते असं स्वतःला सांगते. वजनाला एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या आहेत. दुखणं गेलेलं नाही. पण साडेपाचचा तास अर्ध्या तासावर आलाय.

लाटेसाठी चारनंतर चहा बंद, टेबलाला छोटा पंखा, खांद्यावर जुन्या धोतराचा पंचा. कापड आता मी गिऱ्हाईक गेल्यावरच पसरते. एक शेजारीण सांधेदुखीचं चूर्ण घेऊन आली होती, बिननावाच्या डबीत, "दोन दिवसांत मोकळी होशील." दोन दिवसांत मोकळं करणाऱ्या चुर्णात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, हे मला मॅडमनी सांगितलंय. डबी परत दिली, आता ती बोलत नाही.

काही त्रास असेही आहेत जे मुलाला लिहायचे नसतात. मॅडमनासुद्धा सांगायला मला आठ महिने लागले, आणि त्यांनी तर दोन मिनिटांत साधं, हार्मोन नसलेलं जेल लिहून दिलं. स्नेहलला सांगितलंय, तिच्या मैत्रिणीच्या आईला उपयोगी पडेल म्हणून.

आता तुझ्याकडे मागणं. फोनवर "गोळी घेतलीस का?" विचारू नकोस. कालनिर्णयवर रोजच्या चौकटीत मी पेन्सिलीने फुली मारते, बाबा ती बघतात, तेवढा पहारा पुरे. तू विचार "आज बोट अडकलं का?" मग मी खरं सांगेन, कारण त्याला "बरी आहे" हे उत्तर होत नाही. आणि परत कधी माझ्या मनात बंद करायचं आलं तर डब्यात टाकायच्या आधी तुला फोन करेन. तू लगेच डॉक्टर काय म्हणतात ते सांगायला लागू नकोस. आधी ऐकून घे.

तू सांधे चोळायचं मशीन पाठवणार होतास ते पाठवू नकोस, ठेवायला जागा नाही. त्यापेक्षा स्प्रिंगची कात्री मिळते, आपोआप उघडणारी. कापड कापायची बघ हं, झाडं छाटायची आणशील. नऊ इंची, आणि हातात धरून पाहून घे, ऑनलाइन मागवू नकोस. संक्रांतीला येशील तेव्हा आण. तुझ्या सदऱ्याचं ते बटण मी लावून ठेवलंय. पोटाचं माप मात्र कळव, मागच्या वेळी दोन बटणं ताणलेली दिसली.

तुझी,
आई