लकव्याचा रुग्ण आणि तिसऱ्या दिवसाची नोंद

महोदय,

मेंदूचा एमआरआय पाहून लकव्याचा रुग्ण कितपत सावरेल हे संगणक सांगणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. ठाण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणारी म्हणून त्यावर थोडे लिहावेसे वाटते.

विषय पोकळ नाही. हालचालीचा हुकूम मेंदूतून खाली नेणारी तंतूंची जुडी कितपत शाबूत आहे, हे विशेष प्रकारच्या एमआरआयमध्ये दिसते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कॅथी प्राइस यांचा गट स्कॅनवरून रुग्णाची वाचा कितपत परत येईल, याचा अंदाज बांधण्यावर काम करतो. पण मला जास्त बोलके वाटते ते न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांचे काम. हाताच्या सुधारणेचा अंदाज बांधण्यासाठी त्यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एमआरआय होता. २०१७ च्या सुधारित पद्धतीतून तो चक्क वगळला, कारण त्याच्याशिवायही काम भागत होते! झटक्यानंतर तीन दिवसांच्या आत रुग्ण खांद्यातून हात बाजूला किती उचलतो आणि बोटे किती उघडतो, याला प्रत्येकी ५ पैकी गुण द्यायचे. बेरीज ५ किंवा अधिक आली, तर पुढे फक्त वय पाहायचे. कमी आली, तरच डोक्यावर चुंबकीय स्पंद देऊन हाताचे स्नायू प्रतिसाद देतात का ते तपासायचे. तीन महिन्यांनंतरचा अंदाज सुमारे ७५ टक्के रुग्णांत बरोबर ठरला. म्हणजे चारांतल्या एकाच्या बाबतीत चुकलाच.

आपल्याकडे पेशंटच्या घरी पिशवीभर कागद निघतात. सीडी, फिल्म, रिपोर्ट, बिले. मात्र तिसऱ्या दिवशी हात किती हलत होता, याची ओळ बहुतेक फायलींत सापडत नाही. वर्तकनगरमध्ये एका काकांच्या मुलाने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून मला विचारले, ‘‘मॅडम, यातलं कुठलं पांढरं परत काळं होणार?’’ मी काकांचा पंजा हातात घेतला आणि बोटे उघडायला सांगितली. तर्जनी जेमतेम वर आली. फिल्मपेक्षा त्यावरून मला अधिक बोलता आले.

भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘स्कॅन वाईट आहे’ एवढे कानावर पडले की घरचे व्यायाम सोडतात. ‘सहा महिने झाले, आता काय होणार’ म्हणणारे शेजारी असतातच. अंदाज वाईट असला, तरी खांदा दुखू नये, बोटे आखडू नयेत आणि आंघोळ-जेवण चांगल्या हाताने जमावे, यासाठी मेहनत लागतेच.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी निदान आपल्या रुग्णालयांत खांदा आणि बोटे यांचे गुण तारखेसह डिस्चार्ज कार्डावर लिहिणे सक्तीचे करावे. त्याला नवे यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात.

– एक फिजिओथेरपिस्ट, नौपाडा, ठाणे