बाबा, जुना एकही प्लेअर नाही आणि तरी टीम!

प्रिय आई-बाबा,

२०२५ च्या पाडव्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तुझ्या त्या बास्केटबॉलवाल्यांचं काय झालं, आणि मी “हरलो” एवढंच म्हणाले, तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय गुढी, श्रीखंड आणि माझं वजन यावर गेला तो गेलाच. म्हणून आता लिहूनच काढते. बरंचसं बाबांसाठी आहे, आई तू मधलं मधलं वाच, तुझ्यासाठी पण आहे एक गोष्ट.

आमच्या लुईव्हिलला एनबीएची, म्हणजे प्रोफेशनल बास्केटबॉलची, टीम नाही. आहे ते युनिव्हर्सिटीचं बास्केटबॉल, आणि त्याच्यावर लोक असे जीव टाकतात की ऑफिसात सोमवारी कोणाचा मूड कसा असेल ते शनिवारच्या मॅचवरून सांगता येतं. इथे डेनी क्रम नावाचा कोच १९७१ ते २००१, सलग ३० वर्षं होता, त्याने १९८० आणि १९८६ असं दोनदा नॅशनल टायटल आणलं. मग रिक पिटिनोने २०१३ ला तिसरं आणलं, पण पुढे एकेक भानगडी बाहेर आल्या, २०१७ मध्ये त्याला घालवलं आणि २०१८ मध्ये ते टायटलच रेकॉर्डमधून रद्द झालं, बॅनर पण उतरवला. अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितलेली मॅच, आणि कागदावर म्हणे ती जिंकलेलीच नाही. तुमच्या खो-खोच्या पोरींच्या त्या जिल्हा फायनलचं प्रकरण आठवलं, वयाच्या दाखल्यावरून प्रोटेस्ट टाकला होता ते.

त्यानंतर जे घसरले ते विचारू नका. २०२२-२३ ला ४ मॅच जिंकले आणि २८ हरले! पहिल्या तीन मॅच तर एकेका पॉइंटने हरले, त्यातली पहिली बेलार्मिनकडून, म्हणजे याच गावातलं छोटं कॉलेज. पुढच्या वर्षी ८ जिंकले, २४ हरले. कोच केनी पेन हा १९८६ च्या टायटलवाल्या टीममधलाच खेळाडू, घरचा माणूस, त्यामुळे लोकांना शिव्या पण धड घालता येईनात, त्यांनी सरळ यायचंच बंद केलं. स्टेडियम २२ हजारांचं, केएफसी यम सेंटर (हो आई, तेच चिकनवाले, आणि त्यांनी पण फेब्रुवारीत जाहीर केलं की ऑफिस इथून टेक्सासला हलवतोय, तेव्हा इथे फार आरडाओरडा झाला). त्या काळात आम्ही अगदी वरच्या मजल्याचं स्वस्तातलं तिकीट काढायचो आणि हाफटाइमला खाली कोर्टाजवळ जाऊन बसायचो, कोणी हटकायचं नाही, कारण उठवून कोणाला बसवणार?

मग मार्च २०२४ मध्ये पॅट केल्सी आला, चार्ल्सटन कॉलेजहून. बुटका, बडबड्या, सतत चार कप कॉफी प्यायल्यासारखा. मला पहिल्यांदा वाटलं हा नुसता भाषणं देणार. २०१७ मध्ये म्हणे मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीला हो म्हणून, ओळख करून द्यायची प्रेस कॉन्फरन्स ठरलेली असताना ऐनवेळी नाही म्हणाला होता, म्हणजे भरवसा तो काय ठेवायचा.

आणि बाबा, आता ऐका. स्कॉलरशिपवाला जुना एकही पोरगा राहिला नाही, एकही नाही, सगळे गेले. इथे ट्रान्सफर पोर्टल म्हणून प्रकार आहे, सीझन संपला की ज्याला कॉलेज सोडायचंय त्याने नाव टाकायचं आणि बाकीच्या कोचनी फोन लावायचे. पूर्वी कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, २०२४ पासून ते पण नाही, अभ्यास पास असला की कितीही वेळा बदला. त्यात २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीबिहिरातीचे पैसे घेता येतात. म्हणजे आपल्याकडचं ११ महिन्यांचं भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट समजा, रिन्यू होईल न होईल.

तर केल्सीने त्या उन्हाळ्यात सगळी टीम अशीच गोळा केली. चकी हेपबर्न विस्कॉन्सिनहून, टेरेन्स एडवर्ड्स जेम्स मॅडिसनहून, जव्हॉन हॅडली कोलोरॅडोहून, आणि स्वतःच्या जुन्या कॉलेजातून दोघं, जेम्स स्कॉट आणि रेन स्मिथ. हा स्मिथ मूळचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, काम एकच, लांबून थ्री (तीन पॉइंटवाले) मारायचे, आणि मारतो पण.

तुम्ही खो-खोसाठी पाचवीतल्या पोरी हेरायचात, सकाळी सहाला स्वतः ग्राउंडवर फक्की मारायचात, आणि ती पोरगी दहावीला गेल्यावर कुठे तिला नीट पोल मारता यायचा. पाच वर्षं! केल्सीला मिळाला एक उन्हाळा. मी आधी ऑफिसात सगळ्यांना सांगत होते की ही बांधणी नाही, ही खरेदी आहे. अजूनही अर्धं तसंच वाटतं मला.

पण सीझन बघितला आणि अर्धं मत हललं. सुरुवातीला टेनेसीने घरच्या कोर्टवर ७७-५५ ने धुतलं. मग बहामात इंडियानाला ८९-६१ ने हरवलं, सगळे नाचायला लागले, आणि त्याच स्पर्धेत आमच्या केशॉन प्रायरच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, सीझन संपला त्याचा. डिसेंबरात केंटकी युनिव्हर्सिटीकडून, म्हणजे आमच्या कट्टर वैऱ्यांकडून, हरलो तेव्हा हिशोब होता ६ जिंकले, ५ हरले. म्हणलं झालं, पहिले पाढे पंचावन्न. आणि तिथून पुढच्या २४ मॅचपैकी २१ जिंकले! एसीसी लीगमध्ये, म्हणजे आमचं कॉलेज ज्या गटात खेळतं तिथे, १८ जिंकले, २ हरले, केल्सी लीगचा कोच ऑफ द इयर.

हे कसं झालं ते मला बघून जेवढं कळलं तेवढं सांगते. हेपबर्न उंचीने काही नाही तिथल्या मानाने, पण समोरच्याचा ड्रिबल चालू असताना तो त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही, कमरेकडे बघतो, आणि बॉल जमिनीवरून वर येताना हात घालतो. तुम्ही सांगायचात ना, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. आणि सगळे सतत बोलतात, स्क्रीन (समोरच्यांचा एक जण वाट अडवून उभा राहतो तो) आला की मागचा ओरडतो, डावीकडे उजवीकडे. जुन्या टीमच्या वेळी कोर्टाजवळ बसलं की नुसते बुटांचे आवाज यायचे, पाच जण पाच दिशेला, कोणी कोणाला काही सांगायचं नाही. वर्षभरापूर्वी एकमेकांची नावं माहीत नसलेल्या पोरांना इतकं बोलायला लावलं, हे पैसे देऊन मिळत नसणार.

एका मॅचला शेजारी एक आजोबा होते, कानात रेडिओ, म्हणजे मॅच समोर बघायची आणि कॉमेंट्री रेडिओवर ऐकायची. म्हणाले क्रमच्या वेळेपासूनची सवय आहे. मधली दोन वर्षं आलेच नव्हते, तिकिटं नातवाला देऊन टाकायचे, तो पण जायचा नाही.

आई, तुझी गोष्ट. २०१२ च्या डिसेंबरात सँडी हुकच्या शाळेत गोळीबार झाला, २० लहान मुलं गेली. केल्सी तेव्हा विन्थ्रॉप नावाच्या छोट्या कॉलेजात नवाच कोच होता. काही दिवसांनी ओहायो स्टेटशी हरल्यावर प्रेस कॉन्फरन्समध्ये मॅच सोडून तो त्याबद्दलच बोलला, घरी जाऊन माझ्या दोन लहान मुलींना मिठी मारणार आहे म्हणाला, आणि हे बदलायला पाहिजे म्हणाला. व्हिडिओ पाठवते, इंग्लिश भराभर बोलतो पण तुला कळेल.

तर शेवट असा झाला की एसीसी फायनलला ड्यूक युनिव्हर्सिटीकडून ७३-६२ हरलो, आणि त्यांचा स्टार कूपर फ्लॅग जखमी होऊन बाहेर बसलेला असताना, हे जास्त लागलं. नॅशनल स्पर्धेत कमिटीने आठवं सीड (मानांकन) दिलं, २७ मॅच जिंकलेल्या टीमला आठवं, आणि मॅच कुठे, तर लेक्सिंग्टनला, केंटकीच्याच घरी! गुरुवारी दुपारी सव्वाबाराला मॅच, ऑफिसात मीटिंग चालू आणि टेबलाखाली सगळ्यांचे फोन. क्रेटन युनिव्हर्सिटीने ८९-७५ ने हरवलं. पहिल्याच फेरीत बाहेर.

आता पोर्टल परत उघडलंय. हेपबर्न, एडवर्ड्स, स्मिथ तिघांचंही कॉलेज संपलं. मिकेल ब्राउन म्हणून एक हायस्कूलचा पोरगा येणार आहे, फार नाव आहे त्याचं, बाकी कोण येईल ते केल्सीला फोनवर फोन करून जमवायचंय. दर वर्षी हेच. बाबा, तुम्ही केलं असतं का हे काम? दर जूनला नव्या पोरी, आणि मार्चमध्ये जिल्हा फायनल? मला नाही वाटत, पण तुमचं तुम्ही लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा नको.

नोव्हेंबरात तुम्ही दोघं इकडे याल तेव्हा सीझन सुरू होत असेल. तिकिटं आता महाग झालीत आणि खाली जाऊन बसायचे दिवस गेले, पण मी खालचीच काढणार आहे, वरच्या मजल्याचे जिने बाबांच्या गुडघ्याला नकोत. फिजिओथेरपी चालू आहे ना? आई, खरं काय ते तू सांग, बाबा सांगणार नाहीत.

तुमची,
छोटी